कुठं उभं राहू?

गेल्या रविवारी एमआयडीसीच्या कोपऱ्यावरच्या टपरीत चहाला थांबलो होतो. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, छत्री मिटावी तर चष्म्यावर पाणी, अशी साताऱ्याची जुलैतली भुरभुर चालू होती. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो जर्मनीत आखनला शिकतो आणि तिथून बेल्जियमचं स्पा-फ्रँकोरशाँ तासाभराच्या अंतरावर आहे. येत्या शुक्रवार ते रविवारची फॉर्म्युला वनची तिकिटं त्यानं आणि त्याच्या मित्रांनी काढलीत. सगळ्यांत स्वस्त तिकीट, म्हणजे खुर्ची नाही, नंबर नाही. जंगलातल्या उतारावर जिथं जागा मिळेल तिथं उभं राहायचं. त्याचा प्रश्न एवढाच होता, "मामा, कुठं उभं राहू?" मी काय, मोकाटच सुटलो. ला सूर्सचं वळण, ओ रूजचा उतार, रेदियोंचा चढ, केमेलचा लांबलचक सरळ रस्ता, पूऑनचं डावं वळण. मी तिथं आयुष्यात कधी गेलेलो नाही, हे टपरीतल्या कुणाला कळलं नसतं. फोन ठेवला तर टपरीवाले नाना माझ्याकडंच बघत होते.

"दादा, केवढा रस्ता हाय म्हणायचा त्यो?"

"सात किलोमीटर."

"आन गेलेली गाडी पुन्ना कवा येती?"

"पावणेदोन मिनिटांनी."

"आन समोर किती येळ दिसती?"

"दोन सेकंद. पुढं झाड असेल तर तेवढीही नाही."

नानांनी गाळणं पातेल्यावर आपटलं आणि म्हणाले, "मग पैसं देऊन बगत्यात काय?"

मी हसलो, पैसे दिले, निघालो. पण यवतेश्वराचा घाट चढेपर्यंत तो प्रश्न काही सुटेना. शर्यतीचं वेड लागून मला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. १९९८ साली एका मित्राच्या घरी केबलवर याच स्पाची शर्यत बघितलेली आठवते. पावसात सुरुवात झाली आणि पहिल्या वळणानंतर लगेच तेरा गाड्या एकमेकींवर आदळून रस्ताभर चाकं पसरली. पुढं शूमाकर फवाऱ्यात आंधळा होऊन कुल्टहार्डच्या गाडीवर मागून आपटला, तीन चाकांवर पिटमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजपाशी, आला आणि हेल्मेट काढून थेट त्याला धरायला धावला. जिंकला डेमन हिल, जॉर्डनच्या पिवळ्या गाडीत, त्या संघाचा पहिलावहिला विजय. हे सगळं मला दिसलं, कारण मी साताऱ्यात गादीवर बसलो होतो. स्पाच्या जंगलात भिजत उभ्या असलेल्या माणसाला यातलं किती दिसलं असेल? एखादं चाक उताराहून घरंगळताना दिसलं असेल. बाकी लाउडस्पीकरवर ऐकलं असेल, तेही फ्रेंचमध्ये.

तरीही शुक्रवारपासून तिथं माणसांचा पूर येणार आहे. १७ ते १९ जुलै. आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणं शुक्रवारी संध्याकाळी पाचला पहिला सराव, साडेआठला दुसरा. शनिवारी चारला तिसरा आणि साडेसातला पात्रता फेरी. रविवारी साडेसहाला शर्यत, ४४ फेऱ्या. युरोपातल्या शर्यतींचं हे बरं असतं, चहा झाल्यावर सुरू होतात आणि जेवणाआधी संपतात, घरात कुणाची कुरकुर नाही. पावसानं अडवलं तर मात्र जेवणाचं ताट हातात घेऊन बसावं लागतं. स्पाला ते नेहमीचंच. गेल्या वर्षी शर्यत सुरू व्हायलाच तब्बल ऐंशी मिनिटं उशीर झाला. शेवटी सेफ्टी कारच्या, म्हणजे पुढं राहून वेग आवरून धरणाऱ्या गाडीच्या, मागून गाड्या सोडल्या आणि पियास्त्रीनं पहिल्याच मोकळ्या फेरीत, केमेलच्या रस्त्यावर, नॉरिसला मागं टाकलं. ज्यांनी कंटाळून टीव्ही बंद केला होता त्यांची शर्यत तिथंच हुकली.

स्पाचा पाऊस समजायला सातारकराला मात्र काही कष्ट पडत नाहीत. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या पुढं कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला शेतकरी आभाळाकडं बघत बसलेला असतो, तसाच तो सात किलोमीटरचा रस्ता आहे. आर्डेनच्या डोंगरात, झाडीत, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत शंभरेक मीटरचा उतार. पिटसमोर कोरडं ठणठणीत आणि पूऑनला धो धो, असं तिथं खरोखर होतं. आणि टायर तर एकच लावता येतो. कोरड्याचा लावला तर ओल्या भागात गाडी घसरते, ओल्याचा लावला तर कोरड्या भागात त्याची साल निघते. पिटमधल्या इंजिनिअरपुढं पडदे असतात, रडार असतं, उपग्रह असतो. पण तिथला खरा हवामान खात्याचा माणूस म्हणजे पूऑनच्या बांधावर उभा असलेला प्रेक्षक. त्याच्या नाकावर थेंब पडला की पडला. भाच्याला मी पहिली गोष्ट हीच सांगितली की तिथं उभं राहिलास तर तुला एखाद्या वेळी संघांच्याही आधी कळेल.

यंदा बघण्यासारखं आणखी एक आहे. गाड्या बदलल्यात. वजन तीसेक किलोंनी उतरलं, अंग थोडं आखूड झालं, आणि मुख्य म्हणजे ताकदीचा जवळपास निम्मा वाटा आता विजेचा आहे. आधीची विजेची मोटर १२० किलोवॅटची होती, आताची ३५०. मागच्या पंखाची फळी उघडून पुढच्याला गाठायची ती जुनी डीआरएसची सोय गेली. आता सरळ रस्त्यावर सगळ्यांचेच पुढचे-मागचे पंख आडवे होतात आणि वळण आलं की उभे राहतात. पुढच्या गाडीच्या सेकंदभर मागं असलेल्याला जादा वीज वापरायची मुभा. पण बॅटरी ती बॅटरीच. ला सूर्सच्या वळणातून बाहेर पडलं की खाली उतरायचं, रेदियों चढायचं आणि मग केमेलचा सरळ रस्ता. एवढ्या लांब पट्ट्यात वीज कुठं खर्चायची आणि कुठं राखायची हा सगळा हिशेब आहे. चढावरच उधळली तर केमेलच्या शेवटाला हात रिकामे, आणि मागचा माणूस तिथंच टपलेला. जुन्या लोकांना हे आवडत नाही. पाय दाबून धरायचा, बाकी देवाच्या हवाली, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र राखून खर्च करणारा ड्रायव्हर बघायला आवडतो. पगाराच्या नोकरीत आयुष्य गेल्याचा परिणाम असेल.

पण नानांचा प्रश्न यानं सुटत नाही. बॅटरी टीव्हीवरच जास्त कळते.

२०११ साली ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रांप्री झाली, तेव्हा मी आणि एक मित्र पुण्याहून रेल्वेनं दिल्लीला गेलो होतो. ऑक्टोबरचा शेवट, हवेत धूळ, नव्या डांबराचा वास, पाण्याची बाटली आत नेऊ देत नव्हते म्हणून गेटवर भांडणं. शुक्रवारच्या पहिल्याच सरावात रस्त्यावर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला. सगळ्या जगानं त्याचे फोटो छापले. आम्ही मात्र मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटाला बसलो होतो, जिथं गाड्या ताशी तीनशेच्या वरून एकदम पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येतात. त्या वेळी इंजिन आठ सिलिंडरचं होतं, मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारं. आवाज कानात नाही, बरगड्यांत यायचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. रंगांचा एक पट्टा यायचा आणि जायचा. मित्र म्हणाला, चल, घरीच बरं दिसलं असतं.

मग हळूहळू डोळा बसला. रस्त्याकडेला अंतराच्या पाट्या होत्या, त्यावरून कळायला लागलं की कोण कुठं ब्रेक मारतो. फेटेल दर फेरीला एकाच जागी, इंचभर इकडं नाही की तिकडं नाही. एखादा दुसरा रोज नवीन देवळात गेल्यागत दर वेळी वेगळ्या जागी. कुणाच्या चाकातली ब्रेकची तबकडी लालबुंद व्हायची, कुणाची गाडी दगडी पट्टीवरून उडून परत रस्त्यावर बसताना कंबर हलवायची. आणि सगळ्यांत मागून नारायण कार्तिकेयन यायचा, एचआरटीच्या गाडीत, त्या वर्षातल्या सगळ्यांत हळू गाड्यांपैकी एका गाडीत. तो आला की अख्खा स्टँड उभा राहायचा. तो सतरावा आला. टीव्हीवर त्याला फार तर पुढचे लोक फेरीनं गाठतात तेवढ्यापुरता बघितला असता. तिथं मात्र तो त्या गाडीशी कसा झगडतोय, वळणात शिरताना तिचं नाक कसं बाहेर जातंय आणि तो ते कसं ओढून आणतोय, हे दर फेरीला दिसत होतं. फेटेल जिंकला, पुढची दोन्ही वर्षंही तोच जिंकला, आणि नंतर करमणूक कर वगैरे भांडणांत ती शर्यतच बंद पडली. त्या सर्किटवरचं मला आता आठवतं ते एकच वळण. बाकीची पाच किलोमीटर मी पाहिलेलीच नाहीत.

नाना पुसेगावकडचे. त्यांना शर्यतीतलं कळत नाही असं कोण म्हणेल? सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मैदान भरतं तेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत ते तिथंच असतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलोय. थंडी असूनही दुपारचं ऊन डोक्यात घुसतं, नाकातोंडात माती, मागं भज्यांचा घाणा, आणि लाउडस्पीकरवर समालोचक श्वास न घेता बैलांची, मालकांची, गावांची नावं गुंफत असतो. चिठ्ठ्या निघतात, गट पडतात, चाकोऱ्यांत गाड्या लागतात. लागता लागता अर्धा तास जातो. एखादं खोंड उलटं फिरतं, एखादा छकडा पुन्हा मागं घ्यावा लागतो. मग झेंडा पडतो आणि सुटली म्हणेस्तोवर संपलेलं असतं. दोन्ही अंगाला माणसांची भिंत, तिच्यातून मान काढून बघणाऱ्याला शिंगं, धूळ आणि ड्रायव्हरचा वाकलेला पाठीचा कणा एवढं दिसतं. कोण जिंकलं ते स्पीकरवरच कळतं. संध्याकाळी फायनलला नाना मला ओढत शेवटाच्या रेषेपासून लांब, मधल्याच एका जागी घेऊन गेले होते. "हितं बैल फुटतो," म्हणाले. म्हणजे जो थकणार असतो तो इथंच थकायला लागतो, पुढं नुसता निकाल. मला काही ते दिसलं नाही. त्यांना दिसलं. दोन गाड्या बरोबरीनं चालल्या असताना त्यांनी उजवीकडची गेली म्हणून सांगितलं, आणि ती गेली.

मग हाच माणूस मला विचारतो, बगत्यात काय?

या सगळ्यात मला टोचणारी एक गोष्ट आहे आणि ती भाच्याशी बोलताना मी टाळली. रेदियोंच्या चढावर उभं राहून बघायची हौस कशाची असते? गाडी ताशी तीनशेच्या आसपास वेगानं खालून येते, वर चढताना ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही, नुसतं आभाळ. तिथं पाय उचलायचा की नाही, हा प्रश्न बघायला आपण जातो. २०१९ च्या ३१ ऑगस्टला फॉर्म्युला टूच्या, म्हणजे एक पायरी खालच्या, शर्यतीत आंत्वान युबेर तिथंच गेला, बावीस वर्षांचा. त्यानंतर तिथल्या कडेच्या मोकळ्या जागा वाढवल्या, भिंती मागं सरकवल्या. २०२३ च्या जुलैत, पावसात, थोडंसं पुढं केमेलवर डिलानो व्हान्ट हॉफ गेला, तो तर अठराच वर्षांचा. फवाऱ्यात मागच्याला पुढची गाडी दिसत नाही, हेच त्यातलं खरं मरण. घसरण्याला ड्रायव्हर घाबरत नाहीत, न दिसण्याला घाबरतात. म्हणूनच आता पाऊस वाढला की शर्यत थांबवतात, आणि आम्ही घरात बसलेले लोक कॉमेंटमध्ये लिहितो की हल्लीचे ड्रायव्हर मऊ झाले. मीही हे म्हणालोय, पोरं मोठी झाल्यावर म्हणायचं बंद केलं.

बैलांच्या शर्यतीचंही तेच. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा गावोगावी हळहळ होती, आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा फटाके वाजले. काठी नको, चाबूक नको, जनावराची डॉक्टरकडून तपासणी, अशा अटी आल्या. २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत खिलार सांभाळणं किती घरांनी सोडलं हे आमच्याकडं कुणीही सांगेल, आणि बंदीच्या आधी बैलाला काय काय सोसावं लागायचं हेही तोच माणूस आवाज उतरवून सांगेल. दोन्ही खरं आहे. मला मैदानात गेलं की अंगावर काटा येतो आणि बैलाच्या तोंडचा फेस बघून मान वळवावीशी वाटते, एकाच मिनिटात. गाडीचं बरं, तिच्या तोंडाला फेस येत नाही. पण आत बसलेलं कुणाचं तरी पोर असतं.

मंगळवारी पुन्हा टपरीवर गेलो तर नाना आवराआवरीत. एक दिवस बंद ठेवणार म्हणाले. यंदा अधिक महिना आल्यानं आषाढी पुढं गेली आणि माउलींची पालखी याच आठवड्यात जिल्ह्यातून चाललीय. नाना दर वर्षी चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाला जातात. पहाटेपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून बसायचं. मग दुपारी कधी तरी टाळांचा आवाज चढतो, वारकरी दोन्ही बाजूंनी सरकतात, मधून अश्व दौडत जातो. झालं. पाठोपाठ लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात.

मी म्हटलं, "नाना, घोडा समोरनं किती वेळ दिसतो?"

त्यांना कळलं मी कुठं निघालोय ते. चुलीवरचं पातेलं उतरवत म्हणाले, "दादा, ती शर्यत न्हवं. तितं कोण हरत न्हाई."

"मग पुसेगावला?"

"पुसेगावला मी बैल बगतो." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या पोराला सांगा, गाड्या बगू नको म्हणावं. कोण बगायचं ते आदी ठरव."

चहाचे पैसे त्यांनी त्या दिवशी घेतले नाहीत, ते का ते मला कळलं नाही.

संध्याकाळी भाच्याला फोन लावला. शुक्रवारी त्याला मी सगळा रस्ता पायी फिरायला सांगितलंय. जंगलातल्या पायवाटा आहेत, बूट चिखलाचे घाल, रेनकोट घे, छत्री मागच्याच्या डोळ्यांत जाते. केमेलकडून रेदियोंचा चढ एकदा डोळ्यांनी बघ, कारण लांब भिंगाचे कॅमेरे तो सपाट करून टाकतात. इतकी वर्षं टीव्हीवर बघूनही तो नेमका किती उभा आहे हे मला माहीत नाही. शनिवारी पात्रता फेरीला तिथंच थांब. त्या वेळी गाड्या एकेकट्या येतात, गर्दी नसते, आवाजावरून कळतं की पाय उचलला की नाही. रविवारी सकाळीच पूऑनचा बांध गाठ. वर्स्टॅपेनसाठी आलेली नारिंगी कपड्यांतली डच माणसं तिथं आधीच ठाण मांडून असतील, त्यांच्यात घूस. ते वळण लांब आहे, दोन भागांचं, उताराचं. गाडी तिथं दोन सेकंदांपेक्षा जास्त दिसते, ही आणखी एक सोय. आणि पाऊस पडला, सगळं थांबलं, तर जागा सोडू नकोस. २०२१ ला लोक दिवसभर भिजले आणि शेवटी सेफ्टी कारमागं मोजक्या फेऱ्या मारून वर्स्टॅपेनला विजेता ठरवलं, निम्मे गुण वाटले. प्रेक्षकांचे पैसे परत द्या, असं हॅमिल्टन उघड म्हणाला होता. तसंही होऊ शकतं, मनाची तयारी ठेव.

"व्हिडिओ पाठवतो ना मामा," तो म्हणाला.

व्हिडिओ नको म्हटलं. मी इथं साडेसहाला टीव्हीपुढं असणारच आहे, लाइट गेली तर मोबाइल आहे. तू तीन गाड्या निवड आणि ४४ फेऱ्या फक्त त्याच बघ. वर्स्टॅपेन घे, हॅमिल्टन घे, आणि तिसरी शनिवारी सगळ्यांत मागं राहिलेली. कुणाचं नाक पूऑनच्या दुसऱ्या भागात बाहेर जातं, टायर झिजल्यावर कोण आधी पाय उचलायला लागतो, ते लिहून ठेव.

"पहिल्या दोघांचं कळलं. पण शेवटची कशाला?"

तिच्यावर कॅमेरा नसतो म्हणून, म्हटलं. ती तुझ्याशिवाय कुणाला दिसणार नाहीये.